पुण्याचं तापमान उणे चाळीस

आमच्या गाडीला एक खोड लागली होती. स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली रे उतरली की ती एक आचका द्यायची, म्हणजे असा की मागे बसलेल्याच्या हातातली भेळ पुढच्या सीटवर, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालायला लागायची. मेकॅनिककडे नेली की एकदम गुणी बाळ. त्याने स्कॅनर लावला, "बिघाडाचा एकही कोड नाही सर, सगळं ओके दाखवतंय." डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पण कधी लागला नाही. मग नेहमीचे सल्ले सुरू झाले, पंप बदलून बघा, प्लग बदलून बघा, आणि बायकोच्या मते ड्रायव्हर बदलून बघा.

मी ठरवलं की आता डेटा. गाडी चालू असताना इंजिनचा कॉम्प्युटर काय काय बघतोय ते सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, आचका बसला की तेवढ्याच सेकंदाला काय बिघडलं ते आपोआप दिसेल. त्यासाठी स्टिअरिंगखाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास 16 पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीनेच केलेली स्वतःची तपासणी) म्हणतात त्याला. अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, आपल्याकडे त्याची ही दुसरी आवृत्ती, ओबीडी-2, आली एप्रिल 2013 पासून. आमची गाडी 2014 ची, म्हणजे नशीब थोडक्यात आमच्या बाजूने.

"अरे पण हे मोबाईलवर होतं ना?" बायको म्हणाली. "माझ्या भावाने अ‍ॅप टाकलंय, पाच मिनिटात झालं त्याचं."

मी म्हटलं मोबाईलचा स्क्रीन लहान असतो.

त्या सॉकेटमध्ये खोचायचं, ऑनलाईन मागवलेलं ब्लूटूथचं डोंगल आलं, काडेपेटीएवढं, निळं. यात ईएलएम 327 नावाची चिप असते, मूळ कंपनी कॅनडाची. डोंगलवर अभिमानाने छापलं होतं व्हर्जन 1.5, आणि गंमत अशी की त्या कंपनीने 1.5 नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. म्हणजे नक्कल करणाऱ्याने अस्सल मालात नसलेली आवृत्ती काढली. आपल्याला काय, चालल्याशी मतलब.

लॅपटॉप जुनाच घेतला, नवीन गाडीत न्यायला घरातून परवानगी नव्हती. त्याची बॅटरी नावापुरती, म्हणून लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावला. पण स्टार्टर मारला की आमच्या गाडीत लायटर सॉकेटचा करंट क्षणभर जातो. त्यामुळे गाडी चालू झाली की लॅपटॉप बंद. लॅपटॉप चालू व्हायला लागतो की विंडोजला आठवतं आपल्याला अपडेट करायचंय, आणि ते 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं बजावत गोल गोल फिरत बसतं, इकडे मी इग्निशन चालू ठेवून गाडीची बॅटरी उतरवतोय. शेवटी क्रम बसवला, आधी गाडी, मग लॅपटॉप, मग हात जोडणे.

ब्लूटूथ पेअर झालं. पिन 1234, जगातलं सगळ्यात भाबडं कुलूप. पण सॉफ्टवेअर म्हणतंय पोर्ट सापडत नाही. का, तर विंडोज एका डोंगलसाठी दोन कॉम पोर्ट, म्हणजे माहिती ये-जा करायची दारं, बनवतं, एक इनकमिंग, एक आउटगोइंग, आणि आपल्याला लागतं ते आउटगोइंग. ही माहिती सेटिंगमध्ये अशा खोल ठिकाणी एका टॅबमध्ये ठेवलीय की तिथपर्यंत माणूस चुकूनच पोचावा. मी त्या इनकमिंग पोर्टवर डोंगलच्या फोनची वाट बघत अख्खी दुपार पार्किंगमध्ये बसलो होतो, काचा वर, कारण बाहेर ऊन, आणि एसी बंद, कारण इंजिन बंद.

तोपर्यंत माणसं जमायला लागली होती. वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, गाडी हॅक झाली काय?" दुसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी हातात घेऊन उभेच राहिले. "काय रे, हे मोबाईलवर होत नाही का?"

काकांना मी सांगितलं की मोबाईलमध्ये फाईल नीट सेव्ह होत नाही.

परत त्याच क्रमाने आधी गाडी चालू केली, मग लॅपटॉप, योग्य पोर्ट टाकला आणि स्क्रीनवर पहिल्यांदा काहीतरी हललं. आपण टाईप करायचं एटीझेड, डोंगल आपलं नाव सांगतं. मग 010सी टाकलं की गाडीला विचारलं जातं बाई तुझे आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, किती, आणि ती उत्तर देते 41 0सी 0बी 20. हे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात असतं, ते साध्या आकड्यात आणायचं, शेवटच्या दोनातल्या पहिल्याला 256 ने गुणायचं, दुसरा मिळवायचा, चारने भागायचं, उत्तर आलं 712. समोर काट्याकडे बघितलं तर काटा सातशेच्या जरा वर. मी इतका खूश झालो की काकांना ओढून दाखवलं. काका म्हणाले, "पण ते तर समोर काट्यावर दिसतंयच की."

खरा तमाशा पुढे. गाडी चालवत लॉग करायचं तर चालवणार कोण? बायको. ती ड्रायव्हिंग सीटवर, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्याखाली उशी कारण तो तापतो, आणि सिंहगड रोडने धायरीकडे. आता सॉकेट आहे बरोबर ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. तिने क्लच दाबला की गुडघा डोंगलला, डोंगल हललं की कनेक्शन खलास. "पाय जरा सांभाळून." "मग क्लच हाताने दाबू का?" यावर उत्तर नव्हतं. डोंगल इन्सुलेशन टेपने चिकटवलं.

वर ते डोंगल हळू. मी हौसेने वीस गोष्टी मागितल्या होत्या, स्पीड, कूलंट, पेट्रोलचं ट्रिम, काय काय, तर प्रत्येकीचा नंबर यायला इतका वेळ लागायचा की आचका येऊन जायचा आणि लॉगमध्ये शांतता. हे डोंगल एका वेळी एकच प्रश्न विचारतं, त्यामुळे प्रश्न कमी तर उत्तरं भरभर. सगळं काढून टाकलं, चारच ठेवले: आरपीएम, स्पीड, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तिचं तापमान.

मग आम्ही स्पीडब्रेकर शोधत फिरायला लागलो. एरवी ज्याला शिव्या घालतो तो आला की मी ओरडायचो, "आला आला, घे, जोरात घे!" मागच्या रिक्षावाल्याचं आमच्याबद्दल काय मत झालं असेल ते सोडा. आणि एका उंच, बिनरंगाच्या, खास आपल्या पद्धतीच्या स्पीडब्रेकरवर गाडीने दिला तिचा तो सुप्रसिद्ध आचका. मी आनंदाने टाळी वाजवली. बायकोने माझ्याकडे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

घरी फाईल उघडली. हवेचं तापमान 39, 39, 39, मग एकदम उणे 40, मग परत 39. त्याच ओळीत दाबाचा आकडा पण पार वेडावाकडा. उणे 40 हा एकच आकडा असा आहे की सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीत सारखाच, त्यामुळे युनिट चुकलं असेल ही शंका पण मिटली. आणि कारण साधं आहे, गाडी हे तापमान पाठवताना त्यात 40 मिळवून पाठवते, म्हणजे आपण 40 वजा करायचे. सेन्सरची वायर सुटली तर तिच्या लेखी हवा शक्य तेवढी थंड, आकडा येतो शून्य, शून्यातून गेले 40. आमच्या गाडीत दाब आणि तापमान दोन्ही एकाच सेन्सरमधून येतात, चार पिनांचा एकच कनेक्टर. म्हणजे भर मे महिन्यात धायरीच्या अलीकडे आमच्या इंजिनला क्षणभर वाटत होतं की आपण सायबेरियात आलो, आणि बिचारं त्या हिशोबाने पेट्रोलचा गोंधळ घालत होतं. वायर लगेच परत चिकटायची, म्हणून कोड पडायचा नाही, दिवा लागायचा नाही.

मेकॅनिककडे लॅपटॉप घेऊन गेलो, उणे 40 ला पिवळा रंग मारून. त्याने ग्राफ शांतपणे बघितला, बॉनेट उघडून तो कनेक्टर बोटाने हलवला, तोच चालू गाडी आचका देऊन बंदच पडली. "हां, पिन पसरलीय सर." पिन दाबून घट्ट केली, टाय लावला, आणि हात पुसता पुसता म्हणाला, "भारी आहे हे. मोबाईलवर येतं का?"

येत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

आता काकांनी त्यांची गाडी माझ्या पार्किंगसमोर आणून लावलीय, 2003 ची. तिला हे सॉकेट बहुतेक सापडायचं नाही असं मी परोपरीने सांगितलं, पण काकांचं म्हणणं कंपनीने नक्की दिलं असणार, आतल्या बाजूला असेल. सध्या ते डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन उताणे आहेत, पाय बाहेर, आणि वॉचमन त्यांना सांगतोय, "डावीकडे बघा काका, डावीकडे."