टपाची घ्यावी की बिनटपाची?

"कूपे घेऊ का कन्व्हर्टिबल?" असं कुणी विचारलं (कूपे म्हणजे पक्क्या, बंद टपाची गाडी; कन्व्हर्टिबल म्हणजे टप उघडता येणारी) की कोल्हापुरात उत्तर ठरलेलं असतं. "कूपेच घे भावा, पावसात काय करणार?" हे उत्तर निम्मं चुकीचं आहे. पाऊस दोघींनाही सारखाच बसवून ठेवतो. ग्राउंड क्लिअरन्स ११० ते १३० मिलिमीटर असलेली गाडी, पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आल्यावर कोण बाहेर काढतंय? जून ते सप्टेंबर दोन्ही शेडमध्येच. प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांचा आहे, आणि त्यात पाण्यापेक्षा ऊस जास्त आडवा येतो. ते पुढं सांगतो.

आधी बॉडीचं. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं जा. चौकोनी पाइप हातानं पिळून बघा, मग तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा, एक बाजू उघडी असलेला सी-चॅनेल पिळून बघा. पाइप जागचा हलत नाही, चॅनेल वळतो. कूपे म्हणजे पाइप, टप कापलेली गाडी म्हणजे चॅनेल. ही पीळ कमी करायला कंपनी दाराखालचे सिल जाड करते, पुढच्या काचेच्या खांबात जास्त ताकदीचं स्टील घालते, खालून आडवे ब्रेस मारते. त्यामुळे वजन वाढतं, चार सीटच्या गाडीत तर शंभर किलोच्या पुढंही जातं. एवढं करूनही खराब रस्त्यावर डॅशबोर्ड आणि आतला आरसा थरथरतो तो थरथरतोच. याला स्कटल शेक म्हणतात.

पण सगळ्या उघड्या गाड्या अशा कापलेल्या नसतात, आणि निवडीचं खरं मर्म इथंच आहे. पोर्शे बॉक्स्टर १९९६ ला आली ती उघडीच. तिच्यावर टप चढवून केमन झाली ती २००५ ला. म्हणून ७१८ नावाच्या पिढीत बेसिक मॅन्युअल केमन आणि बॉक्स्टर या दोघींचं कंपनीनं दिलेलं वजन एकच आहे, १३३५ किलो. २०१८ ला आलेल्या बीएमडब्ल्यू झेड४ चंही तेच: ती उघडीच आखली आणि त्याच प्लॅटफॉर्मवरची बंद गाडी टोयोटा सुप्रा नावानं निघाली. उलट फोर्ड मस्टँग किंवा बीएमडब्ल्यूची ४ सिरीज बघा. तिथं मूळ गाडी कूपे, कन्व्हर्टिबल ही तिची कापलेली आवृत्ती.

तर माझं सरळ मत: दोन सीटची घेणार असाल तर उघडी घ्या, चार सीटची घेणार असाल तर बंद. केमन बॉक्स्टरपेक्षा कडक आहे यात वाद नाही, पण तो फरक ट्रॅकवर, टायर ओरडायला लागल्यावर कळतो. आंबा घाटात ट्रकमागं सेकंड गिअरमध्ये लागल्यावर कसला कडकपणा दाखवणार? सेकंद मोजायची हौस असेल तर मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक जवळच आहे, तिथं कार्टमध्ये बसा. निम्म्याहून कमी पैशात जास्त शिकाल. उघड्या गाडीची मजा मात्र ५० च्या वेगातही पुरेपूर येते, आणि आपल्या जिल्ह्यातले रस्ते बहुतेक वेळा तेवढाच वेग देतात.

आता ऊस. टप उघडायचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये दुपारी काळं लेदर हात लावू देत नाही. आणि नेमके हेच चार महिने कारखान्यांचा गळीत हंगाम! डबल ट्रॉली, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, पुढं टेप फुल्ल सोडलेला. उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये तुमचं डोकं ट्रॉलीच्या चाकाच्या उंचीवर असतं, त्यामुळं धूर, धूळ आणि पाचट थेट तोंडावर. उपाय वेळेचा आहे. सकाळी साडेसहा ते नऊ, पन्हाळा किंवा गगनबावड्याच्या अंगाला. दाराच्या काचा वर ठेवायच्या आणि सीटमागं विंड डिफ्लेक्टर लावायचा, म्हणजे मागून फिरून येणारा वारा मानेवर बसत नाही. पुढं ट्रॉली दिसली की टप लावून घ्यायचा. या २०१८ च्या झेड४ चा टप १० सेकंदांत, ५० च्या वेगापर्यंत चालत्या गाडीत लागतो. मिनी कन्व्हर्टिबलला १८ सेकंद लागतात आणि वेग ३० च्या आत हवा. घेताना हा आकडा बघाच, मागून हॉर्न बसत असताना १८ सेकंद लई मोठे वाटतात.

पाचट तोंडावर आलं तर झटकता येतं. ते टपाच्या खड्ड्यात गेलं की खरा खर्च सुरू होतो. कापडी टप मागं ज्या खड्ड्यात घडी होऊन बसतो, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात. तिथून पेन्सिलएवढी नळी खाली येते आणि साधारण मागच्या चाकाच्या पुढं पाणी सोडते. पाचटाचे तुकडे, कडुनिंबाची पानं आणि कारखान्याची काजळी तिथं जमते. पहिल्या वळवात त्याचा लगदा होतो, पुट्टीसारखा राखाडी. नळी बंद. मग पाणी वर चढतं आणि गाडीत उतरतं. २००२ ते २००८ च्या झेड४ मध्ये टपाची हायड्रॉलिक मोटर याच खड्ड्याच्या कोपऱ्यात, म्हणजे ती आधी बुडते. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चावी ओळखून गाडी सुरू होऊ देणारं) मॉड्यूल सीटखाली असतं. कार्पेट भिजलं की तेही भिजतं आणि चांगली गाडी अचानक स्टार्ट घेत नाही. लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर उतरवतात. दुखणं असतं पाचटाचं.

काम अर्ध्या तासाचं आहे. टप अर्धा उघडून थांबवा, पानं हातानं वेचा, व्हॅक्यूम मारा. एका भोकात पाव लिटर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली बघायला सांगा. धार लगेच यायला पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर ग्रास कटरची २ मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरनं गोल करा, आणि जोर न लावता पिळत पिळत आत सरकवा. तार घालू नका, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. आतला जोड निसटला की पाणी कायमचं सिलमध्ये जायला लागतं आणि ते वरून कळतही नाही. हंगामात महिन्यातून एकदा आणि मृगाच्या आधी एकदा, एवढं केलं की पुरे.

कापडाला दोनच शत्रू, प्रेशर वॉशर आणि ओली घडी. वॉशिंग सेंटरवर पोऱ्याला आधीच सांगा: टपावर गन नाही, नळाचं पाणी आणि मऊ ब्रश. फॅब्रिक प्रोटेक्टंट वर्षातून दोनदा. ओला टप कधीही घडी करू नका, घडीच्या रेषेवर बुरशी येते आणि काळ्या कापडावर ती हिरवट दिसते. पार्क करताना टप लावूनच ठेवा, नाहीतर कापड आखडतं. मांजराला हा बिछाना फार आवडतो, त्यावर उपाय फक्त कव्हर. आणि टाका उसवला म्हणून जीपच्या हूडवाल्याकडं नेऊ नका. त्याची शिलाई भारी असते, पण इथं कापडाचा ताण मिलिमीटरात बसवावा लागतो. तो चुकला की टप लॉकपर्यंत पोचत नाही.

पत्र्याचा घडीचा टप, म्हणजे २००९ ते २०१६ ची झेड४ किंवा जुनी मर्सिडीज एसएलके, चोरीला आणि आवाजाला चांगला. पण त्या झेड४ ची डिकी ३१० लिटरवरून टप उघडल्यावर १८० वर येते, आणि टपाचे सिलिंडर-सेन्सर म्हातारे झाले की तो अर्ध्यात उभा राहतो. मी तरी जुनी घ्यायला सांगणार नाही. डिकीवरून आठवलं, बॉक्स्टर-केमनची मागची डिकी इंजिनाला चिकटून आहे. नरसोबाच्या वाडीहून बासुंदी आणणार असाल तर पुढच्या डिकीत ठेवा.

७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, त्यामुळं पुढं बहुतेक व्यवहार सेकंडहँडचेच होणार. उघडी गाडी बघायला जाताना हे करा. इंजिन चालू ठेवून टप सलग तीनदा उघडा-मिटा आणि वेळ मोजा. तिसऱ्यांदा रेंगाळला तर बॅटरी किंवा पंप कमजोर. डिकीचं कार्पेट उचलून हात लावा, वास घ्या. एक मागचं चाक फूटपाथवर चढवून दोन्ही दारं उघडा-लावा. दार घासलं किंवा फट एका बाजूला फाकली तर बॉडी पिळते आहे किंवा गाडी ठोकलेली आहे. मग पॅच मारलेल्या रस्त्यावर टप उघडून ४० नं चालवा आणि फक्त आतल्या आरशाकडं बघा. मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत असेल तर बॉडी ठीक. शेवटी टप लावून तावडे हॉटेलजवळ सर्व्हिस रोडवरून हायवेला घुसून बघा. मागच्या कोपऱ्यातलं जाड कापड बंगळुरूकडून येणारा अख्खा ट्रक झाकतं. हा अंधळा कोपरा झेपत नसेल तर गप कूपे घ्या, तो निर्णय शहाणपणाचाच आहे.

टायर दोन्हीचे बघा. या गाड्या कमी फिरतात, नक्षी नवी दिसते आणि रबर लाकूड झालेलं असतं. बाजूला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर किमतीतून वजा करून मागा.

आणि जूनमध्ये शेडला लावताना हवा ३-४ पीएसआय जास्त भरा, बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा, हँडब्रेक न ओढता चाकाला ठोकळ्याची ओट लावा. शेजारी उंदराचा पिंजराही ठेवा. नदीकाठचं पाणी वाढलं की उंदीर कोरडी जागा शोधत येतात, आणि इंजिनवरची वायरिंग त्यांना कूपेतलीही तेवढीच गोड लागते.