चला, ५४ मिनिटांत पोहोचू या!

दोन छोट्या विमानतळांमधला प्रवास ठरवायचाय? मग वेळापत्रक बघण्याचा खुळा नाद आधी सोडा. अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स आहेत की! दोन नावं टाका, झालं. परवा मला उत्तर आलं: ३२० किलोमीटर, विमानाने ५४ मिनिटे. पंचावन्न नव्हे हं, चोपन्न! एवढ्या नेमकेपणावर शंका घेणारे आपण कोण?

हे चोपन्न आले कुठून, असं विचारायचं नसतं. विचारलंच तर ऐका. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलावरचं जवळातलं जवळ अंतर काढायचं, त्याला ताशी ८०० ने भागायचं, चढ-उताराचा अर्धा तास वर चिकटवायचा. छोट्या धावपट्टीवर बहुधा एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान येतं आणि ते वर गेल्यावरही ताशी ५०० च्या आसपासच उडतं, असल्या क्षुल्लक गोष्टीत शिरू नका.

वारा समोरून आला, तर त्याला बाजूला व्हायला सांगा.

धुक्याचीही काळजी नको. आयएलएस (रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा) किंवा तशी दुसरी कुठलीच सोय नसलेल्या धावपट्टीवर वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं, त्यासाठी साधारण ५ किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं. साइटवर मात्र बाराही महिने लख्ख ऊन.

आणि सर्वांत मोलाचा सल्ला: मुळात विमान आहे का, हे अजिबात तपासू नका. मी तपासलं. नाही! दोन्हीकडून विमान जातं ते एका मोठ्या विमानतळावर, आणि तो वाटेत नाही, भलत्याच दिशेला. पहिलं विमान सकाळी पोहोचवतं, पुढचं थेट संध्याकाळी. मधला दिवस खुर्चीत. कंपन्या वेगळ्या, तिकिटं वेगळी. म्हणजे बॅग पट्ट्यावरून उचला, बाहेर या, परत रांगेत लागा. पहिलं लेट झालं आणि दुसरं गेलं, तर ती कंपनी म्हणते तो आमचा प्रश्न नाही, ही कंपनीही तेच म्हणते. बरं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकं बदलतात, त्यात आठवड्यातून दोनदा येणारं विमान गुपचूप गायबही होतं. साइटवर? चोपन्न मिनिटे!

स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम २ मिनिटांचं आहे. या सूत्राने तिथेही अर्धा तास निघतो. म्हणजे विमान असलं तरी चूक, नसलं तरी चूक.

आता सरळच बोलते. जिथे विमानच उडत नाही, तिथे 'विमानाने लागणारा वेळ' कसला छापता? 'हवाई अंतर' लिहा आणि गप्प बसा. जगातल्या यच्चयावत विमानतळांच्या जोड्या लावून यंत्राकडून पानं पाडून घ्यायची, खाली 'तिकीट काढा' हे बटण ठेवायचं, आणि ते दाबल्यावर मग सांगायचं की थेट विमान नाही. म्हणजे माहीत असतं ना तुम्हाला? मग पहिल्या ओळीत लिहायला काय धाड भरते?