ती सहा वाजता येते

परवा मला मेमो मिळाला. अपराध असा की, सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी रुग्णालयाच्या संगणक प्रणालीत माझ्या नावाने लॉगिन झाले होते आणि अंगठ्याच्या यंत्राने मात्र माझे आगमन ९ वाजून २ मिनिटांनी नोंदवले होते.

आमच्या प्रणालीतून अहवाल एका वेळी एकाच दिवसाचा निघतो. ओपीडी, दाखल, डिस्चार्ज, खाटा आणि बिलिंग असे पाच प्रकार, म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्याचे १५५ अहवाल. प्रत्येक वेळी तारीख टाकायची, 'जनरेट' दाबायचे आणि फिरणाऱ्या चकरीकडे पाहत बसायचे. त्यातून हाती येणारी फाइल नावाला एक्सेलची, पोटात मात्र एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाची, त्यामुळे उघडताना एक्सेल दर वेळी संशय व्यक्त करणार. दोन वर्षे हे निमूटपणे केल्यावर मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, ब्राउझर आपोआप चालवणारे सेलेनियम हे साधन वापरून, एक स्क्रिप्ट लिहिली आणि ती पहाटे आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली, कारण नऊनंतर काउंटर उघडले की प्रणाली गोगलगाय होते. (सेलेनियम २००४ साली शिकागोत जन्मले. प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव मर्क्युरी, म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम या मूलद्रव्याचा उतारा सांगतात, म्हणून गमतीने हे नाव. आस्थापना विभागावरचा उतारा अद्याप कोणी लिहिलेला नाही.)

खुलासा देण्यासाठी मी आस्थापनेच्या मॅडमसमोर उभा राहिलो.

"तुम्ही नव्हतात, मग डाउनलोड कोणी केलं?"

"स्क्रिप्टने."

"ती कोणत्या विभागात आहे?"

"मॅडम, ती बाई नाही."

"मग ट्रेनी मुलगी आहे का?"

"नाही हो, प्रोग्रॅम आहे."

"प्रोग्रॅम? कधी? हॉलची परवानगी कोणी दिली?"

मी लॅपटॉप उघडून दाखवला. कोणी हात न लावता तारखा भरल्या जात होत्या, बटणे दाबली जात होती. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर घेतला आणि बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "म्हणजे ती सहाला येते आणि तुम्ही नऊला." हे वाक्य त्यांनी माझ्यादेखत फाइलवर लिहिले.

वास्तविक विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: रुग्णांची माहिती ज्या पासवर्डने उघडते, तो स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिला आहे काय? होता. त्याबद्दल मला कोणी झापले असते, तर मी मान खाली घातली असती. पण तो प्रश्न ना मेमोत होता, ना मॅडमच्या तोंडी. आणि महिनाभराचा अहवाल एकत्र काढणारे साधे बटण प्रणालीत का नाही, हे पुरवठादाराला आजवर कोणीही विचारलेले नाही. त्याला मेमो कसा द्यावा हे आस्थापनेला ठाऊक नाही, आणि मी हाताशी आहे.

निर्णय असा झाला की, स्क्रिप्ट फक्त कार्यालयीन वेळेत आणि माझ्या समक्ष चालेल. त्यामुळे आता भर गर्दीत, साडेनऊपासून, मी पडद्यासमोर बसतो. प्रणाली मध्येच मान टाकते, स्क्रिप्ट थांबते, मी ती पुन्हा सुरू करतो आणि हात मांडीवर घेतो. काल मॅडम डोकावल्या. माझे रिकामे हात त्यांनी नीट पाहून घेतले.

"नुसतेच बसलायत ना? मग हे जरा लावून टाका," असे म्हणून डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा त्यांनी कीबोर्डवरच ठेवला आणि पंचवीस तारखेचा अहवाल तिथेच अडकला.