पोरगी दारात उभी, नाव भिवंडीत

तीन आठवडे झाले. चौथीतली पोरगी रोज शाळेत जाते, मागच्या बाकावर बसते, पाढे म्हणते, घरी येते. आणि सरकारच्या लेखी ती सोलापूरच्या कुठल्याच शाळेत नाही. तिचं नाव अजून भिवंडीच्या शाळेत आहे. पोरगी रेल्वेनं एका रात्रीत आली. नाव काही अजून निघालं नाही.

पोरगी माझी नाही. मी सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर. आमच्या गावचे गणवेश देशभर जातात, परदेशातही जातात. कापडाचे थरावर थर लावायचे, मशीन फिरवायची की शे-पाउणशे पोरांच्या चड्ड्या एका दमात निघतात. आमच्याकडे काज-बटणाला एक ताई आहे. नवरा भिवंडीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, लूम बसले, मालकानं भंगारात काढले. मग संसार गुंडाळून परत सोलापूरला, विडी कामगारांच्या वस्तीत, विडी घरकुलाकडे. सोलापूर-भिवंडी ही ये-जा काही आजची नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा, दर दोन-चार घरांमागं एकाचं कुणी ना कुणी तिकडं लूमवर असतं. म्हणजे जुलैमध्ये भिवंडीहून पोर येणं हे सोलापूरच्या शाळेला आभाळातनं पडल्यासारखं वाटायचं कारण नाही. पण वाटतं.

ताई म्हणाली, "मास्तर, जरा येता का शाळेत? माझं बोलणं त्यांना कळंना, त्यांचं मला कळंना." घरी तेलुगू, बाहेर मोडकं मराठी. मला वाटलं दहा मिनिटांचं काम. दाखला हातात आहे, पोरगी सोबत आहे, आणखी काय पाहिजे?

शाळेचं नाव घेत नाही. सरकारी आहे, एवढं पुरे. मॅडम बोलायला चांगल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "प्रवेशाला आमची ना नाही हो. फक्त ऑनलाईन येऊ द्या."

ताईनं पिशवीतनं प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातनं दुसरी पिशवी, त्यातनं दाखला. शाळा सोडल्याचा दाखला, जनरल रजिस्टरचा नंबर, गोल शिक्का, मुख्याध्यापकाची सही. पावसात भिजू नये म्हणून दोन पिशव्यांत घातलेला. मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, "हा आहे हो. पण हा कागद झाला."

कागद झाला! अहो, आमच्या आज्जाच्या काळापासून ह्याच कागदावर माणसं शाळेत गेली, नोकरीला लागली, जातीचे दाखले ह्याच कागदावर निघाले. आता त्याची किंमत काय, तर तो "कागद झाला".

खरं काम म्हणे असं असतं. जुन्या शाळेनं त्यांच्या लॉगिनवरनं पोरीला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या पोरांच्या ऑनलाईन यादीत टाकायचं. मग इथल्या शाळेनं तिचा पेन नंबर टाकून तिला ओढून घ्यायचं. पेन म्हणजे कायमचा शैक्षणिक क्रमांक. त्याशिवाय पोरांची नोंद ठेवायचं राज्याचं सरल पोर्टल वेगळं, केंद्राचं यू-डायस वेगळं, आता वर अपार आयडी, तो आणखी एक नंबर. एका पोरीला इतके नंबर तर आमच्या कारखान्यात कापडाच्या गठ्ठ्यालाही नसतात. आणि इतके नंबर असून ती सापडत नाही!

मी म्हटलं, मॅडम, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम ५ मध्ये सरळ लिहिलंय की दुसऱ्या शाळेत जाताना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, लांबवायचा नाही. उलट जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई. कलम १४ म्हणतं वयाचा पुरावा नाही म्हणून पोराला परत पाठवायचं नाही. कलम १५ म्हणतं मुदत उलटून गेली तरी नाही म्हणायचं नाही. (हे सगळं मी रात्री मोबाईलवर बसून वाचलं होतं. दहावी पास माणूस आहे मी, वकील नाही.)

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहितेय दादा. म्हणून तर मी पोरीला उद्यापासून बसवून घेते. पण सिस्टीममध्ये नाव चढवायचं बटण माझ्याकडं नाही, भिवंडीकडं आहे."

कायदा करणाऱ्यांनी दाखला अडवणाऱ्या माणसाचा विचार केला होता. बटण अडवेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

मग भिवंडीला फोन. पहिला फोन, "सर प्रशिक्षणाला गेलेत." दुसरा फोन, "लॉगिन ज्या सरांकडे होतं त्यांची बदली झाली." तिसरा फोन, "सर्व्हर डाऊन आहे." चौथ्या फोनला एक बाई म्हणाल्या, "आम्ही टाकलंय ड्रॉपबॉक्सला, तुमच्या शाळेला सांगा." मी पळत शाळेत. इथं प्राथमिक शाळेला क्लार्क नाही, हे लोकांना माहीत नसतं. सगळं ऑनलाईन मास्तरच करतात, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या नेटपॅकवर. वर्गात रेंज नाही म्हणून एक तरुण सर पायरीवर येऊन उभे राहिले, एक हात वर धरून. मागं वर्गात पोरांचा बाजार भरलेला. ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. मग आलं एकदाचं. पोरगी सापडली! पण लाल अक्षरात.

आधार जुळत नाही.

पोरीच्या नावात शेवटी 'ती' आहे. भिवंडीच्या शाळेनं इंग्रजीत लिहिताना 'टी आय' लिहिलं. आधारवर आहे 'टी एच आय'. तेलुगू माणसं 'त'ला 'टी एच' लिहितात, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साखर पेठेत दुकानांच्या पाट्या वाचत गेलात तरी कळेल. पण मशीनला ती दोन वेगळ्या पोरी वाटतात. एक 'एच' असलेली, एक 'एच' नसलेली. बरोबर आहे, सख्खी आई समोर उभी आहे तिला कशाला विचारायचं?

पुढचं ऐका. आधारवरचं नाव शाळेसारखं करून घ्यायला आधार केंद्रावर गेलो. रांग, टोकन, मग दुसऱ्या दिवशी या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणा, नाव असं आहे म्हणून." शाळेत आलो. शाळा म्हणाली, "ती आमच्या पटावर नाही, आम्ही पत्र कसं देणार?" भिवंडीला फोन केला. भिवंडी म्हणाली, "तिला आम्ही दाखला दिलाय, ती आता आमची नाही, आम्ही पत्र कसं देणार?" पटावर घ्यायला आधार पाहिजे, आधारला पत्र पाहिजे, पत्राला पट पाहिजे. मला वाटलं आता मीच येडा होणार आणि सात रस्त्यावर उभं राहून गाड्यांना हात दाखवत बसणार.

आणि शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या सप्टेंबरमध्येच सांगून टाकलंय. आधार नाही म्हणून पोराला प्रवेश नाकारत नाही, हे शाळेचं म्हणणंही खरंच आहे. नाकारत नाहीतच! नुसतं नाव पटावर येत नाही.

ताईचं काय, ते सांगतो. काज-बटणाला नगावर पैसे. शाळेत जायचं तर अर्धा दिवस बुडला, आधार केंद्रावर गेलं तर पूर्ण दिवस बुडला. मुकादम तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या आठवड्यात गठ्ठे दुसरीकडं जातात. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "राहू द्या मास्तर, पुढच्या वर्षी घालू." तिथं माझं डोकं फिरलं. असंच तर होतं. कुणी शाळेतनं हाकलत नाही. आई दमते, पोरगी घरी विड्या वळायला बसते, आणि मग कुठल्या तरी रकान्यात 'शाळाबाह्य' म्हणून तिला शोधायला सर्वेक्षण निघतं. तेही ह्याच मास्तरांच्या डोक्यावर.

मास्तरांना मी शिव्या देणार नाही. त्यांची मान कुठं अडकली आहे तेही कळलं मला. संचमान्यता. किती पोरांमागं किती शिक्षक हे ज्याच्यावर ठरतं ती. कायद्यानं पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, पुढं तीस पोरांमागं एक. पण पोर म्हणजे जिवंत पोर नाही, आधार जुळलेलं पोर. शाळेत पासष्ट बसलेत आणि आधार सत्तावन्नचंच जुळलं, तर सत्तावन्न धरायचे. एक शिक्षक अतिरिक्त. मग लाल अक्षरातली पोरगी दिसली की मास्तराच्या पोटात गोळा येतो, त्याला तो तरी काय करणार?

हे सगळं कशामुळं, तर २०११ मुळं. ऑक्टोबर महिन्यात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. पोरं इकडनं तिकडं पळवून दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. लाखो पोरं निव्वळ कागदावर निघाली. त्यांच्या नावानं तांदूळ, अनुदान, शिक्षकांच्या जागा, सगळं खाल्लेलं. चोर पकडायला कुलूप पाहिजेच, मला मान्य आहे. पण खोटी नावं लावणारे संस्थाचालक खाऊन ढेकर देऊन बसले, आणि कुलूप लागलं कुणाला? काज-बटणवालीच्या पोरीला. तेव्हा नावं होती, पोरं नव्हती. आता पोरगी आहे, तर नाव नाही.

आणि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तमाशा बघा. 'गुढीपाडवा, पट वाढवा'! बॅनर लागतात, मास्तर लोक सोलापूरच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून घरोघर फिरतात, "ताई, तुमचं पोर आमच्या शाळेत घाला." जूनमध्ये प्रवेशोत्सव. गुलाबाचं फूल, फुगे, कुठं बैलगाडीतनं मिरवणूक, साहेबांसोबत फोटो. फोटो वरती पाठवायचा असतो, म्हणून जरा हसा. आणि महिनाभरानं एक पोरगी स्वतःच्या पायानं, दाखला घेऊन दारात येते, तर तिला घ्यायला बटण नाही. तिचा उत्सव गेला चुलीत, नाव तरी लिहा!

हाच तो सोलापूर जिल्हा बरं का. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो. पुस्तकात क्यूआर कोड आणले म्हणून जगानं डोक्यावर घेतलं. त्या कोडवर मोबाईल धरला की धडा समोर येतो. आम्ही पोरगीच समोर धरली तर काही येत नाही.

परवा दुपारी मी मधल्या सुट्टीत गेलो होतो. खिचडी वाटप चालू होतं. पोषण आहाराचा आकडा रोज वर कळवायचा, तो पटावरच्या पोरांचा. आमची पोरगी ताटली घेऊन रांगेत शेवटी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून शेवटचा नंबर धरला होता. वाढणाऱ्या मावशीनं एकदा मॅडमकडं बघितलं, मॅडमनी फळ्याकडं बघितलं, आणि मावशीनं दुसऱ्यांपेक्षा मोठा डाव टाकला. "खा गं, लेकरा." ह्या राज्यात तिला प्रवेश दिला असेल तर त्या मावशीनं.

पुस्तकं मिळाली नाहीत. पुस्तकं ऑनलाईन आकड्यावर येतात. शेजारच्या पोरानं गणिताचं अर्धं पुस्तक तिच्याकडं सरकवलंय. गणवेशही नाही, कारण तोही पटावरच. गणवेशाचं तर बोलूच नका. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' म्हणून वरनंच काम काढलं, पोरांना अर्धं वर्ष गणवेश मिळेना, शेवटी डिसेंबरात परत शाळा समित्यांकडं दिलं. सोलापूरसारखं गणवेशाचं गाव हाताशी असताना! असो, तो राग वेगळा आहे, त्यावर परत कधी तरी बोलू.

गणवेश मी कापला. थराच्या कडेला उरलेल्या कापडातनं, मालकाला विचारून. ताईनं रात्री शिवला, काजं तिनंच केली. काल पोरगी घालून गेली. लांबनं बघितलं तर ओळखू येत नाही की हिचं नाव कुठंच नाही.

काल संध्याकाळी परत भिवंडीला फोन लावला. एक सर म्हणाले, "नावाची दुरुस्ती आमच्याच लॉगिनवरनं करावी लागेल, सोमवारी बघतो." मी हो म्हणून फोन ठेवला. कुठल्या सोमवारी, ते विचारायचं राहून गेलं.