मधाने कुकी हेल्दी होत नाही

आधीच सांगून टाकते, ही रेसिपीची पोस्ट नाही. रेसिपी मध्ये कुठेतरी येईल, पण मला आज भांडायचंय.

'हेल्दी कुकीज' म्हणून जे काही फिरत असतं, त्यात हमखास एक युक्ती असते: साखर काढा, मध घाला. आणि वाटीभर मध ओतून झाला की वर 'शुगर फ्री' लिहायचं! अहो, मधातलं साधारण सहाव्या हिश्श्याचं पाणी सोडलं तर उरते ती जवळजवळ सगळी साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मध साखरेच्याच खात्यात धरलाय. ब्राउन शुगरचं तेच. पांढऱ्या साखरेला थोडी मळी लागलेली असते, इतकंच. चवीला छान, मी वापरतेच, पण औषध म्हणून नाही.

मी स्वतः हे सगळे उद्योग करून बसलेय. मधाच्या कुकीज खालून काळ्या आणि आतून कच्च्या निघाल्या, कारण मधातलं फ्रुक्टोज साखरेपेक्षा लवकर करपतं आणि मी ओव्हनचं तापमान कमी केलंच नव्हतं. ज्या वाचल्या त्या डब्यात ठेवल्या. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी डब्यात एकमेकींना घट्ट मिठी मारलेला गोळा होता. नंतर लोण्याऐवजी सफरचंदाचा गर घालून पाहिला. त्याबद्दल न बोललेलंच बरं. कुकी म्हणून चावायला घेतली आणि दाताखाली ओला स्पंज आला.

माझ्यापुरतं उत्तर मसाल्यात सापडलं. साखर बदलायची नाही, कमी करायची, आणि गेलेल्या गोडव्याची जागा वासाने भरायची. दालचिनीचा वास आला की जिभेला गोड खाल्ल्यासारखं वाटतं. सुंठीचा तिखटपणा मागे रेंगाळतो. साखर एक तृतीयांशाने कमी केली तरी खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. फक्त मसाला चिमूटभर घालून चालत नाही, हात सैल सोडावा लागतो. (लवंग सोडून. लवंग जास्त झाली की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं.)

तर माझं प्रमाण: १५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, दोन चमचे दालचिनी, दीड चमचा सुंठ, जायफळ किसून, लवंगेची पूड अगदी नखभर, मिरपूड, मीठ आणि पाव चमचा सोडा. लोणी मंद आचेवर वितळवायचं आणि मसाले त्या कोमट लोण्यातच कालवायचे. मसाल्यांचा बराचसा वास तेलात विरघळणारा असतो. कोरड्या पिठात मिसळून ठेवला तर तो निम्मा तिथेच झोपून राहतो. हे एक केलंत तरी फरक कळेल.

कणकेतला कोंडा पाणी सावकाश पितो, म्हणून पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. मग वीस गोळे करून १७० अंशांवर साधारण बारा मिनिटं. आणि गोळे हाताने चपटे करा, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं! साखर वितळते तेव्हा कुकी पसरते. साखर कमी म्हणजे पसरणंही कमी. पहिल्यांदा मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले होते आणि आतले गोळे शेवटपर्यंत गोळेच राहिले. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, म्हणून परत आत ढकलू नका. गार होताना कडक होतात. मी घाईने दोनदा ढकलल्यात, दोन्हीदा त्यांच्या ठिकऱ्या झाल्या.

दालचिनीचं एक सांगायला हवं. जाड, कडक सालीची असते ती कॅसिया. पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरगळणारी ती सिलोन. कॅसियात कूमारिन नावाचं नैसर्गिक रसायन बरंच असतं आणि ते फार झालं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. माझ्या एका कुकीत दालचिनी जेमतेम पाव ग्रॅम येते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण रोज खाणारं घर असेल तर सिलोन घ्या.

एवढं करून ही कुकी 'हेल्दी' झाली का? एका कुकीत ४ ग्रॅम साखर आणि साधारण ९० कॅलरी. लोणी आहे ते आहेच. त्याच २०१५ च्या सूचनांप्रमाणे दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, म्हणजे सहा कुकीजमध्ये दिवसाचा कोटा संपला. मी काल चहाबरोबर चार खाल्ल्या. पाचवी फुटलेली होती, म्हणून ती धरली नाही.