तोंडाशी आलेला घास

परत तेच! आपल्या सिॲटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या पोरांनी २०२५मध्ये काय कमी केलं? ९० विजय, २००१नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे आपला गट जिंकला, कॅल रॉलीचे ६० होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके. तोही कॅचर, फलंदाजामागे रोज उकिडवं बसून गुडघे झिजवणारा!

आणि शेवटी? वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत जायला टोरंटोविरुद्ध निर्णायक सातवा सामना, सातवी इनिंग, आपण ३-१ने पुढे. फक्त आठ आउट हवे होते हो, आठ! त्यांचे दोघे बेसवर, टोरंटोच्या स्प्रिंगरने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, एका फटक्यात तीन धावा. ४-३. खेळ खल्लास. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

१९७७ला संघ सुरू झाल्यापासून एकदाही वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली नाही. लीगच्या तीस संघांत असे फक्त आपणच. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका मला. २००१ला ११६ सामने जिंकूनही हेच ऐकलं होतं.