पॅकर्स हरतात ते मालक नाही म्हणून नव्हे

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाविषयीचा एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. हा संघ जनतेच्या मालकीचा आहे. कोणीही शेअर घ्यावा आणि नफ्यात वाटेकरी व्हावं. मात्र धनाढ्य मालक नसल्याने संघाकडे पैसा नाही, मोठे खेळाडू छोट्या गावात येत नाहीत, म्हणून 2010 च्या हंगामानंतर अजिंक्यपद नाही आणि पुढेही मिळणार नाही, असा त्याचा सूर. यातलं जनतेच्या मालकीचं तेवढं खरं आहे.

आधी शेअरचं बघू. 1919 मध्ये सुरू झालेल्या या संघाने 1923 पासून आजवर सहाच वेळा शेअर विकले. शेवटची विक्री नोव्हेंबर 2021 ते फेब्रुवारी 2022 अशी चालली. भाव 300 डॉलर, आणि तीही अमेरिका-कॅनडातल्या रहिवाशांपुरती. एरवी तो कुठल्याही बाजारात मिळत नाही. घरच्यांच्या नावे करता येतो; विकायचाच झाला तर फक्त संघाला, नाममात्र किमतीत. लाभांश शून्य, हंगामाच्या तिकिटावर हक्क नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला निदान सवलतीची साखर तरी मिळते. इथे वार्षिक सभेचं निमंत्रण आणि संचालक निवडण्याचं मत, एवढंच. गुंतवणूक म्हणून कोणी हा शेअर सुचवत असेल तर तो चुकीचा सल्ला आहे. हा पैसा खेळाडूंच्या पगारालाही जात नाही. 2011 च्या विक्रीतून लॅम्बो फील्ड हे मैदान वाढवलं गेलं.

मग पगाराला पैसा कुठून येतो? लीगचं, म्हणजे पॅकर्स ज्यात खेळतात त्या एनएफएल स्पर्धेचं, दूरचित्रवाणीचं आणि इतर राष्ट्रीय उत्पन्न 32 संघांत समान वाटलं जातं. मार्च 2025 अखेरच्या वर्षात पॅकर्सचा हा वाटा 43 कोटी 26 लाख डॉलर होता. 2025 च्या हंगामासाठी पगारांची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, 27 कोटी 92 लाख. सव्वा लाखाहूनही कमी वस्तीच्या गावातला संघ न्यूयॉर्कच्या संघाइतकाच खर्च करू शकतो, तो यामुळे. धनाढ्य मालकाचा फायदा एका ठिकाणी होतो: साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करताना मिळणारी रक्कम, आज रोख द्यावा लागतो, पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो. म्हणजे हातात रोकड हवी. पॅकर्सची गंगाजळी 50 कोटी डॉलरांहून मोठी आहे.

मोठे खेळाडू येत नाहीत, हे तर 1993 मध्येच खोटं ठरलं. खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याची मोकळीक मिळाली, त्याच वर्षी सर्वांना हवा असलेला रेजी व्हाइट चार वर्षांच्या 1 कोटी 70 लाख डॉलरांच्या करारावर ग्रीन बेला आला. ऑगस्ट 2025 मध्ये डॅलसहून बचावपटू मायका पार्सन्सला आणलं: आपला खेळाडू केनी क्लार्क, शिवाय 2026 आणि 2027 च्या ड्राफ्टमधली (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिल्या फेरीची निवड देऊन, वर चार वर्षांचा 18 कोटी 80 लाखांचा करार.

मालकीची हीच रचना असताना प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींनी 1961 ते 1967 या सात हंगामांत पाच अजिंक्यपदं मिळवली. हीच रचना असताना 1968 ते 1991 या 24 हंगामांत संघ फक्त दोनदा प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोहोचला. फरक पडला तो संघ बांधणाऱ्या माणसांमुळे. 1991 च्या अखेरीस जनरल मॅनेजर म्हणून रॉन वुल्फ आले, काही महिन्यांत त्यांनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ब्रेट फाव्हरला अटलांटाकडून घेतलं, आणि 1996 च्या हंगामात संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

2010 नंतर अजिंक्यपद निसटलं ते बऱ्याचदा स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक आणि पंटच्या (चेंडू लाथेने दूर टोलवण्याच्या) वेळी उतरणाऱ्या खेळाडूंच्या हातून. 2014 च्या हंगामात सिएटलविरुद्ध मध्यंतराला 16-0 अशी आघाडी होती. शेवटी ऑनसाइड किकवरचा, म्हणजे चेंडू पुन्हा स्वतःकडेच मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम मारलेल्या आखूड किकवरचा, चेंडू हातातून सुटला आणि सामना 28-22 असा गेला. 2021 च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोने पंट अडवून टचडाउन केला, पॅकर्स 13-10 हरले. डिसेंबर 2025 मध्ये शिकागोविरुद्ध पुन्हा ऑनसाइड किक सुटली. जानेवारी 2026 च्या प्लेऑफमध्ये त्याच शिकागोविरुद्ध 21-3 ची आघाडी घेऊन 31-27 असा पराभव. त्या सामन्यात किकर ब्रँडन मॅकमॅनसचे दोन फील्ड गोल (किकने मिळणारे प्रत्येकी तीन गुण) आणि टचडाउननंतरचा एक अतिरिक्त गुण हुकला. म्हणजे सात गुण, आणि हार चार गुणांनी! एवढी वर्षं हीच बाजू कच्ची राहावी, हे संघाच्या चाहत्यांना डाचणारच, आणि त्याचा जाब मालकीला नव्हे, प्रशिक्षकांना विचारायला हवा.

2026 च्या हंगामाची काळजी खरी आहे, पण तिची कारणं वेगळी. डिसेंबर 2025 मध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला. अशा दुखापतीला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सामन्यांत त्याला धरून चालता येणार नाही. टाइट एंडला (चेंडू झेलणाऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या जागी) खेळणाऱ्या टकर क्राफ्टलाही नोव्हेंबरमध्ये हीच दुखापत झाली. पहिल्या फेरीची निवड दोन वर्षं हातात नाही, त्यामुळे स्वस्त करारावरचे चांगले तरुण खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून शोधावे लागतील. क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह आणि पार्सन्स या दोघांचेच करार कॅपचा मोठा घास घेतात. बाकीचा संघ त्यातून उरलेल्यात बसवायचा आहे, आणि त्यात भरवशाचा किकर आधी हवा.